स्वादुपिंड व पित्तमार्ग यांतील श्लेष्मल अर्बुदें



कावीळ आली आणि पंधरावीस दिवसांनीं निघून गेली, म्हणजे घरांतील माणसें सुटकेचा श्वास टाकतात व पुन्हां तिचें नांवहि काढीत नाहींत. बहुतेक वेळां हें योग्यच असतें. दूषित पाण्यापासून होणारी कावीळ विश्रांतीनें व साध्या आहारानें बहुधा आपोआप बरी होते. परंतु कावीळ येऊन जाते, दोनतीन महिन्यांनीं पुन्हां येते, पुन्हां जाते, असा क्रम जेव्हां सुरू होतो, तेव्हां ती बरी झाली असें न मानतां, ती कां गेली व कां परतली हें विचारलें पाहिजे. ह्या प्रश्नाचें एक उत्तर असें आहे कीं, पित्त वाहून नेणाऱ्या नळींत एक चिकट पदार्थ मधूनमधून अडकतो व मधूनमधून सुटतो. हा पदार्थ निर्माण करणारीं अर्बुदें कोणतीं, तीं कितपत भयंकर आहेत आणि त्यांच्यापुढें मनुष्यास काय करतां येतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी वैद्यकाचा पदवीधर नाहीं. शाळेंत शिकविण्यांत आयुष्य गेलेला मनुष्य आहे. त्यामुळें औषध सांगण्याचा अधिकार मला नाहीं, व तो मी घेणारहि नाहीं. शास्त्रज्ञांनीं जें निश्चित केलें आहे तें सोप्या भाषेंत मांडावें, एवढेंच माझें काम.

प्रथम शरीराची रचना थोडक्यांत पाहूं. उजव्या बाजूस बरगड्यांच्या आड यकृत असतें. त्यांत पित्त तयार होतें, व तें लहानमोठ्या शाखांतून एकत्र येऊन एका नळीनें खालीं उतरतें. जठराच्या मागें, पाठीच्या कण्यासमोर, स्वादुपिंड आडवें पसरलेलें असतें. त्याची लांबी सुमारें १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर. त्याचें डोकें उजवीकडे लहान आंतड्याच्या आरंभींच्या वळणांत बसलेलें असतें व शेंपूट डावीकडे प्लीहेपर्यंत पोंचतें. हें इंद्रिय दोन कामें करितें. रक्तांतील साखर आवरणारें इन्सुलिन तें रक्तांत सोडतें; आणि अन्न पचविणारा रस दररोज सुमारें दीड लिटर तयार करून आंतड्यांत पाठवितें. हा रस नेण्यासाठीं शेंपटापासून डोक्यापर्यंत एक मुख्य नळी असते, आणि पिंपळपानाच्या मधल्या शिरेला जशा बाजूच्या शिरा येऊन मिळतात तशा तिला दोन्ही अंगांनीं लहान शाखा मिळतात.

ही मुख्य नळी इसवी सन १६४२ मध्यें इटलींतील पाडुआ येथें योहान गेऑर्ग विरसुंग ह्या जर्मन शारीरशास्त्रज्ञानें दाखवून दिली. तिचें चित्र त्यानें तांब्याच्या पत्र्यावर कोरविलें व त्याचे ठसे युरोपांतील विद्वानांकडे पाठवून, ह्या नळीचा उपयोग काय, अशी पृच्छा केली. पुढच्याच वर्षीं, १६४३ च्या ऑगस्ट महिन्यांत, त्याचा गोळी घालून खून झाला. आपण शोधलेल्या नळीचें प्रयोजन त्याला कळलेंच नाहीं. त्यानंतर १७२० मध्यें आब्राहाम फाटर ह्या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञानें एका लहानशा उंचवट्याचें वर्णन केलें. पित्ताची नळी व स्वादुपिंडाची नळी ह्या दोन्ही बहुधा ह्याच उंचवट्यावर आंतड्यांत उघडतात. हें तोंड श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. कारण आजच्या रोगाची ओळख जगाला तेथेंच पटली.

आतां त्या चिकट पदार्थाविषयीं. आपल्या शरीरांतील अनेक नळ्यांचें आंतलें अस्तर श्लेष्मा, म्हणजे बुळबुळीत तारदार द्रव, निर्माण करितें. नाकांतील शेंबूड हा श्लेष्माच, व आमांशांत पडणारी आंव म्हणजेहि श्लेष्माच. प्रथिनांच्या लांब साखळ्यांना शर्करेचे घोसच्या घोस लागून तो बनतो. तो पाणी धरून ठेवितो, म्हणून फुगतो व ओघळतो. प्रमाणांत असे तोंवर तो अस्तराचें रक्षण करितो. परंतु कधीं कधीं नळीच्या अस्तरांतील पेशींची वृत्ति पालटते. सपाट असलेलें अस्तर आंतल्या बाजूस वाढूं लागतें. त्यावर शेवाळ्याच्या झुबक्यांसारखे बारीक अंकुर उठतात, आणि हे अंकुर श्लेष्मा प्रमाणाबाहेर ओतूं लागतात. पाटांत शेवाळ व गाळ दाटला म्हणजे पाणी तुंबतें व पाटाचा कांठ सुटतो, तसें येथें होतें. नळी रुंदावते, कोठें कोठें तिच्या शाखा फुगून द्राक्षांच्या घडासारख्या दिसूं लागतात. द्रवानें भरलेल्या अशा पिशवीला डॉक्टर सिस्ट म्हणतात. मीहि तोच शब्द वापरीन.

हा रोग पूर्वीं नव्हता असें नाहीं. तो निराळा आहे हें कोणाच्या लक्षांत आलें नव्हतें. स्वादुपिंडांतील सिस्ट शस्त्रवैद्यांना पूर्वींपासून आढळत. १९७८ मध्यें अमेरिकेंतील कोंपान्यो व ओर्टेल यांनीं पाण्यासारखा पातळ द्रव असलेल्या निरुपद्रवी सिस्ट आणि श्लेष्मा असलेल्या, पुढें कर्करोगाकडे झुकूं शकणाऱ्या सिस्ट, असा भेद स्पष्ट करून दाखविला. परंतु नळीच्या आंतच वाढणारें अर्बुद ओळखण्यास त्या नळीच्या तोंडापर्यंत दृष्टि पोंचविणारें साधन हवें होतें. लवचिक दुर्बिणीनें तें मिळालें. १९६८ मध्यें अमेरिकेंत मॅक्यून व त्यांचे सहकारी यांनीं दुर्बिणीच्या मदतीनें फाटरच्या उंचवट्यांतून एक बारीक नळी आंत घातली, तींतून औषध सोडलें व क्ष-किरणांनीं आंतील मार्गाचें चित्र मिळविलें. जपानांत जठराच्या कर्करोगाचें प्रमाण मोठें असल्यामुळें दुर्बिणीनें पोट पाहण्याचा सराव तेथील डॉक्टरांना उत्तम होता. त्यांनीं ही विद्या हां हां म्हणतां पुढें नेली.

१९८२ मध्यें जपानांतील ओहाशी व त्यांचे सहकारी यांनीं चार रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. ह्या रोग्यांच्या आंतड्यांत दुर्बिणीनें पाहिलें तेव्हां एरवीं मिटलेलें असणारें तें बारीक तोंड माशाच्या तोंडासारखें उघडें पडलें होतें, व त्यांतून दाट श्लेष्मा बाहेर ओघळत होता. मुख्य नळी फुगली होती. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, स्वादुपिंडाचा नेहमींचा कर्करोग जसा थोड्या महिन्यांत मनुष्याचा घास घेतो, तसा हा रोग वागत नव्हता. शस्त्रक्रियेनंतर हे रोगी अधिक चांगले राहत. त्यानंतर असे रोगी जगभर आढळूं लागले. कोणी त्यास एक नांव देई, कोणी दुसरें. अखेर १९९६ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या वर्गीकरणांत त्याला स्वतंत्र स्थान दिलें. आज त्याचें इंग्रजी नांव आद्याक्षरांनीं आय. पी. एम. एन. असें सांगतात. रोग्याच्या कागदावर हींच चार अक्षरें लिहिलेलीं असतात.

ह्या अर्बुदाचें मर्म समजून घ्यावयाचें तर जिन्याची कल्पना करावी. खालच्या पायरीवर अस्तराच्या पेशी किंचित् बदललेल्या असतात. त्या कोणास अपाय करीत नाहींत. वरच्या पायरीवर त्यांचें रूप बिघडलेलें असतें, तरी त्या नळीच्या आंतच असतात. शेवटच्या पायरीवर त्या नळीची भिंत फोडून बाहेर पडतात, आणि मग तो खरा पसरणारा कर्करोग होतो. खालून वर जाण्यास बहुधा वर्षानुवर्षें लागतात, व पुष्कळ अर्बुदें खालच्या पायरीवरच मनुष्याच्या आयुष्यभर बसून राहतात. २०११ मध्यें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील संशोधकांनीं दाखविलें कीं, ह्या अर्बुदांच्या पेशींत ‘के-रास’ व ‘जी-नास’ ह्या दोन जनुकांपैकीं एकांत तरी बिघाड जवळजवळ नेहमीं सांपडतो. पैकीं दुसरा बिघाड नेहमींच्या स्वादुपिंड-कर्करोगांत क्वचितच आढळतो. म्हणजे हा निराळा मार्ग आहे हें जनुकांच्या भाषेंतहि सिद्ध झालें.

नेहमींच्या स्वादुपिंड-कर्करोगाचें वैर असें कीं, तो कळतो तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. निदानानंतर पांच वर्षें जगणारे शंभरांत पंधराहि नसतात. उलट श्लेष्मल अर्बुद शेवटची पायरी चढण्यापूर्वीं काढलें तर मनुष्य बहुधा रोगमुक्त होतो. ह्या दुष्ट इंद्रियरोगांच्या कुळांत वेळ देणारा असा हा एकच म्हटला तरी चालेल. मिळालेला वेळ दोन प्रकारांनीं फुकट जातो. एक दुर्लक्षानें, दुसरा भीतीनें. दोन्हींचा विचार आपण करूं.

आधीं भीति. आजकाल पोटाची सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन, एम. आर. आय. ह्या तपासण्या तालुक्याच्या गांवापर्यंत येऊन पोंचल्या आहेत. मूतखड्यासाठीं पोट पाहावें आणि स्वादुपिंडांत सिस्ट दिसावी, असें वारंवार घडतें. २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत, दुसऱ्याच कारणांसाठीं झालेल्या २८३२ सी. टी. स्कॅनपैकीं शेकडा २·६ लोकांत अशी सिस्ट आढळली. चाळिशीच्या आंतल्या एकालाहि ती नव्हती. ८० ते ८९ वर्षांच्या माणसांत मात्र प्रमाण शेकडा ८·७ होतें. अर्थात् केंस पिकतात तसें कांहीं अंशीं हेंहि वयाबरोबर येतें. माझ्या परिचयाच्या, सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांच्या अहवालांत अशी १२ मिलिमीटरची सिस्ट लिहून आली. घरांत एकच आकांत झाला. शस्त्रक्रियेसाठीं शेताचा एक तुकडा विकावयाचें बोलणें निघालें. मुलगी परगांवाहून रडत आली. मोठ्या रुग्णालयांतील डॉक्टरांनीं चित्रें नीट पाहिलीं. मुख्य नळी रुंदावलेली नव्हती, सिस्टमध्यें घट्ट गांठ नव्हती, कावीळ नव्हती. सहा महिन्यांनीं पुन्हां चित्र काढा, एवढेंच त्यांनीं सांगितलें. आज चार वर्षें झालीं. सिस्ट तेवढीच आहे, शेत शाबूत आहे, व गृहस्थ सकाळीं फिरावयास जातात.

हा निर्णय डॉक्टरांनीं मनास येईल तसा केला नव्हता. जपानांतील सेंडाई येथें २००४ मध्यें निरनिराळ्या देशांचे तज्ज्ञ जमले, व त्यांचे नियम २००६ मध्यें प्रसिद्ध झाले. ते नियम २०१२ व २०१७ मध्यें सुधारले गेले, आणि २०२४ मध्यें क्योटोच्या नांवानें त्यांची नवी आवृत्ति निघाली. प्रत्येक खेपेस प्रश्न एकच होता: कोणावर शस्त्र चालवावें व कोणास नुसतें पाहत राहावें?

त्याचें उत्तर प्रथम अर्बुदाच्या जागेवर अवलंबून असतें. तें मुख्य नळींत असेल तर धोका मोठा. मुख्य नळीच्या ज्या रोग्यांवर शस्त्रक्रिया झाल्या त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या अर्बुदांत वरच्या किंवा शेवटच्या पायरीचा बिघाड सांपडला. बाजूच्या शाखेंत असेल तर धोका पुष्कळ कमी. शस्त्रक्रिया झालेल्यांत सुमारें चौथाई, आणि ज्यांच्यावर शस्त्रक्रियेची गरजच वाटली नाहीं असे असंख्य लोक हिशेबांत घेतले तर त्याहूनहि फारच थोडा. मुख्य नळी निरोगी स्थितींत दोनतीन मिलिमीटर रुंद असते. ती ५ ते ९ मिलिमीटर झाली तर काळजीचें कारण. १० मिलिमीटर किंवा अधिक झाली तर शस्त्रक्रियेचा विचार गंभीरपणें करावा लागतो. सिस्टच्या आंत ५ मिलिमीटर वा त्याहून मोठी, रक्तपुरवठा असलेली गांठ दिसणें, अथवा स्वादुपिंडाच्या डोक्यांतील सिस्टमुळें कावीळ होणें, हींहि तशींच मोठीं लक्षणें. सिस्ट ३ सेंटिमीटरच्या पुढें जाणें, ती भराभर वाढणें, स्वादुपिंडाला सूज येऊन पोटांत व पाठींत कळा येणें, आणि उतारवयांत एकाएकीं मधुमेह उद्भवणें किंवा असलेला मधुमेह अकारण बिघडणें, हीं दुसऱ्या प्रतीचीं लक्षणें. तीं दिसल्यास अधिक तपास करितात.

हा अधिक तपास म्हणजे काय, तें ऐकून आपणांस मौज वाटेल. तोंडावाटे आंत जाणाऱ्या दुर्बिणीच्या टोकाला ध्वनिलहरींचें यंत्र बसविलेलें असतें. जठराच्या आंतून त्याच्या पाठीमागील स्वादुपिंड अगदीं जवळून दिसतें, व बारीक सुईनें सिस्टमधील द्रवाचा थेंब काढतां येतो. आपल्या घरीं साखरेचा पाक झाला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गृहिणी तो आंगठा व बोट यांच्यामध्यें धरून तार सुटते का हें बघते. डॉक्टरहि त्या थेंबाची तशीच तार पाहतात. तार लांबली तर श्लेष्मा आहे असें समजावें. शिवाय त्या द्रवांत साखर कमी आहे का, कांहीं विशिष्ट प्रथिनें वाढलीं आहेत का, पेशी बिघडलेल्या आहेत का, हें प्रयोगशाळेंत तपासतात.

येथें एक सूचना अवश्य आहे. स्वादुपिंडांतील प्रत्येक सिस्ट ह्या जातीची नसते. स्वादुपिंडाच्या सुजेनंतर द्रव सांठून जी पिशवी होते तिला अस्तरच नसतें, म्हणून ती अर्बुद नव्हे. श्लेष्मा असलेली आणखी एक सिस्ट जवळजवळ केवळ स्त्रियांतच होते. ती स्वादुपिंडाच्या मधल्या भागांत वा शेंपटांत असते, तिचा नळीशीं संबंध नसतो, आणि तिच्या भिंतींत बीजकोशासारखा तंतुमय भाग आढळतो. तिची प्रकृति व तिचे नियम निराळे. म्हणून अहवालांत नुसता सिस्ट हा शब्द वाचून शेजाऱ्याच्या अनुभवावरून स्वतःचें भविष्य ठरवूं नये.

आतां दुर्लक्षाकडे वळूं, म्हणजेच पित्ताच्या नळीकडे. स्वादुपिंडाची नळी व पित्ताची नळी ह्या जणूं जुळ्या बहिणी. गर्भावस्थेंत दोघींचा उगम आंतड्याच्या एकाच भागापासून होतो. त्यामुळें जें अर्बुद एकींत होतें तसेंच दुसरींतहि होऊं शकतें. पित्तनळींतील अशा अंकुरयुक्त अर्बुदाला जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० च्या वर्गीकरणांत स्वतंत्र नांव दिलें. त्यांपैकीं सर्वच अर्बुदें श्लेष्मा ओतीत नाहींत. पण जीं ओततात त्यांची कावीळ चमत्कारिक असते. श्लेष्म्याचा गोळा किंवा अंकुराचा तुटलेला तुकडा नळीच्या तोंडाशीं अडकला कीं पित्त तुंबतें; डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौच मातकट पांढरें होतें, अंगाला खाज सुटते, कधीं थंडी वाजून ताप येतो. गोळा सरकून आंतड्यांत पडला कीं सारें शांत. ही शांतता म्हणजे आरोग्य नव्हे. पित्तनळींतील हीं अर्बुदें स्वादुपिंडांतल्यांपेक्षां अधिक वेळां भिंत फोडून बाहेर पडलेलीं सांपडतात. म्हणून रोग्याची प्रकृति झेपण्याजोगी असेल तर तीं काढून टाकण्याकडेच शस्त्रवैद्यांचा कल असतो.

हा रोग पूर्व आशियांत विशेष दिसतो, व त्याचें कारण कांहीं अंशीं तेथील अन्नांत सांपडलें आहे. ईशान्य थायलंडांत, खोन केनच्या आसपास, गोड्या पाण्यांतील कच्चा मासा बारीक चिरून त्यांत मसाला व लिंबू घालून खाण्याची जुनी रीत आहे. त्या पदार्थाला कोई प्ला म्हणतात. त्या माशांत एका चपट्या कृमीचीं पिल्लें असतात. तो कृमि माणसाच्या पित्तनळींत जाऊन राहतो व वर्षानुवर्षें तिच्या अस्तराला डंवचत राहतो. लिंबाच्या आंबटपणानें हीं पिल्लें मरत नाहींत. नीट शिजविल्यानें मरतात. ह्या प्रदेशांत पित्तनळीच्या कर्करोगाचें प्रमाण जगांत सर्वांत अधिक नोंदलें गेलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ह्या थाई कृमीला १९९४ मध्यें, व चीन-कोरियाकडील त्याच्या भाऊबंदाला २००९ मध्यें, कर्करोगाचें निश्चित कारण म्हणून जाहीर केलें. यकृताच्या आंतल्या शाखांत होणारे खडे हेंहि पूर्व आशियांत आढळणारें दुसरें कारण. आपल्याकडे मासा शिजवून वा तळून खातात आणि हे कृमि समुद्रांतल्या माशांत नसतात. म्हणून कोंकणांतील किंवा गोव्यांतील माणसानें आपल्या आमटीकडे संशयानें पाहण्याचें कारण नाहीं.

परंतु आपल्याकडे दुसरी एक रीत आहे, आणि तिच्याविषयीं मला स्पष्ट बोलावयाचें आहे. कावीळ झाली कीं ती उतरवून घेण्यासाठीं माणसें दूरदूरच्या गांवीं जातात. कोणी नाकांत थेंब घालतो. कोणी हाताला झाडपाल्याचा रस चोळून ते चुन्याच्या निवळींत धुवावयास सांगतो. पाणी पिवळें झालें कीं कावीळ निघाली अशी सर्वांची खात्री पटते. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून ते हात चुन्याच्या निवळींत धुतले तर निरोगी माणसाचेंहि पाणी पिवळें होतें. हा रसायनाचा गुण आहे, रोगाचा नव्हे. यकृताच्या साध्या काविळींत ह्या उपचारानें फारसें बिघडत नाहीं, कारण ती आपोआपच जावयाची असते. पण येणाऱ्याजाणाऱ्या काविळींत हा उपचार घातक होतो. श्लेष्म्याचा गोळा आपल्या आपण सुटतो, आणि यश उपचाराला मिळतें. दुसऱ्या वेळीं कावीळ आली म्हणजे मनुष्य अधिक श्रद्धेनें त्याच दारीं जातो, तिसऱ्या वेळीं तर घरच्यांनाहि शंका उरत नाहीं. अशा रीतीनें रोगानें आपण होऊन दिलेलीं दोनतीन वर्षें, ज्यांत तो समूळ काढतां आला असता, तीं पिवळ्या पाण्याबरोबर वाहून जातात. उतरविणाराहि पुष्कळदां प्रामाणिक असतो. त्यालाहि आपला रोगी खरोखर बरा झालेला दिसतो. म्हणूनच येथें कोणास लबाड ठरवून भागणार नाहीं. रोगाचा स्वभाव सर्वांनीं समजून घेतला पाहिजे. शौच पांढरें, अंगाला खाज, व कावीळ परत परत, ह्या तीन गोष्टी एकत्र दिसल्या कीं पित्ताची वाट कोठें तरी अडली आहे असें धरावें, आणि पोटाची सोनोग्राफी त्याच आठवड्यांत करून घ्यावी. ती वाट खड्यानें अडलेली निघेल, तरी तपास व्यर्थ गेला असें नाहीं.

शस्त्रक्रियेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण तिच्या भीतीनेंहि माणसें मागें फिरतात. स्वादुपिंडाचें डोकें काढण्याची शस्त्रक्रिया बर्लिनच्या कौश यांनीं १९०९ मध्यें केली. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनीं १९३५ मध्यें आपली पद्धति प्रसिद्ध केल्यापासून ती त्यांच्या नांवानें ओळखली जाते. तींत स्वादुपिंडाच्या डोक्याबरोबर आंतड्याचें पहिलें वळण, पित्ताशय व पित्तनळीचा खालचा भाग काढून उरलेलीं तोंडें पुन्हां आंतड्याला जोडावीं लागतात. एके काळीं ह्या शस्त्रक्रियेंतून पुष्कळ रोगी उठत नसत. आज जेथें ती वारंवार होते अशा रुग्णालयांत दगावण्याचें प्रमाण शंभरांत पांचांच्या आंत आलेलें आहे. म्हणून घराजवळचें रुग्णालय पाहण्यापेक्षां, येथें वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, असा प्रश्न विचारण्यास संकोच करूं नये. शस्त्रक्रिया मोठीच आहे. स्वादुपिंडाचा बराच भाग गेल्यास मधुमेह होतो, व पचनासाठीं औषध घ्यावें लागतें. ह्याच कारणानें ज्याला तिची गरज नाहीं त्याच्यावर ती लादूं नये, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो.

आणखी एक गोष्ट अशी कीं, शस्त्रक्रिया झाली म्हणजे पहारा संपला असें होत नाहीं. हीं अर्बुदें एकाच स्वादुपिंडांत अनेक ठिकाणीं होऊं शकतात, व कधीं कधीं सिस्टपासून दूर, त्याच इंद्रियांत, नेहमींचा कर्करोगहि उद्भवतो. म्हणून उरलेल्या भागाची तपासणी चालू ठेवावी लागते. उलटपक्षीं २ सेंटिमीटरहून लहान सिस्ट पांच वर्षें जशीच्या तशी राहिली, व एकहि वाईट लक्षण दिसलें नाहीं, तर रोग्याचें वय व प्रकृति पाहून तपासणी थांबविण्याचा विचार करतां येतो, असें क्योटोचे नियम सांगतात. पहाऱ्यालाहि अंत असूं शकतो, ही वृद्धांना दिलासा देणारी गोष्ट आहे.

शेवटीं ज्याला कसलाहि खर्च नाहीं असा एक उपाय सांगतों. वर सांगितलेल्या साऱ्या निर्णयांचा पाया एकच आहे: तुलना. सिस्ट गेल्या वर्षीं केवढी होती, नळी केवढी रुंद होती, हें कळल्याशिवाय आजच्या आंकड्याला अर्थ येत नाहीं. १२ मिलिमीटरची सिस्ट चार वर्षें १२ च राहिली तर ती निराळी, आणि सहा महिन्यांपूर्वीं ती नव्हतीच असें ठरलें तर ती निराळी. परंतु आपल्या घरांत दिवाळीच्या साफसफाईंत जुने अहवाल व चित्रें रद्दीबरोबर निघून जातात. डॉक्टर बदलला कीं नवा तपास पहिल्यापासून सुरू होतो, आणि पैसा व वेळ दोन्ही पुन्हां खर्चीं पडतात. ज्या घरांत जमिनीचे उतारे पन्नास पन्नास वर्षें पेटींत जपून ठेवितात, त्या घरांत आईच्या पोटाचीं चित्रें पांच वर्षेंहि टिकत नाहींत, हें योग्य नव्हे. एक जाड पिशवी करावी. तींत प्रत्येक अहवाल, चित्राची तबकडी व डॉक्टरांची चिठ्ठी तारखेच्या क्रमानें ठेवावी. वर पुढील तपासणीचा महिना मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि ती पिशवी कोठें आहे हें घरांतील दोघांना तरी ठाऊक असावें.

हा रोग सावकाश चालतो. आपण त्याच्या पुढें असावें, एवढीच अट आहे. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.